स्क्वेरेन डाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्वेरेन म्हणजे नक्की काय?

स्क्वेरेन हा डायचा, म्हणजे रंग देणाऱ्या रेणूंचा, एक वर्ग आहे. मधोमध चार कार्बनची चौकोनी रिंग असते. तिच्या समोरासमोरच्या दोन कार्बनवर ऑक्सिजन, आणि उरलेल्या दोन कार्बनवर दोन बाजूंना दोन मोठे हात, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला तयार असणारे गट. हे हात ॲनिलिनचे असतात, इंडोलेनिनचे असतात, पायरोलचे असतात, अजून बरेच आहेत. मधली रिंग इलेक्ट्रॉनची भुकेली आणि दोन्ही बाजूंनी देणारे बसलेले, त्यामुळे इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो आणि रेणू लाल आणि इन्फ्रारेडच्या सीमेवरचा प्रकाश जबरदस्त ताकदीने शोषतो. बाकीचं सगळं, म्हणजे उपयोग पण आणि कटकटी पण, या एका भुकेल्या रिंगमधूनच येतं. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं बरंचसं स्वतःच ओळखता येतं.

रंग कोणता असतो? फोटोत कधी निळा दिसतो, कधी सोनेरी-हिरवा, दोन्ही तेच का?

हो तेच. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला की बहुतेक साधे स्क्वेरेन ६२० ते ६७० नॅनोमीटरच्या आसपास शोषतात, म्हणजे लाल प्रकाश खाऊन टाकतात आणि उरलेला निळा किंवा निळसर-हिरवा आपल्याला दिसतो. तोच डाय क्रिस्टल म्हणून फिल्टर पेपरवर आला की शोषण इतकं जोरात असतं की पृष्ठभागावरून प्रकाश धातूसारखा परत फिरतो, म्हणून ती हिरवी-सोनेरी चमक. पहिल्यांदा बनवणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं, पण ती चमक चांगली खूण आहे.

खूप थोडा पुरतो असं म्हणतात, ते किती थोडा?

हिशोब करून बघा. चांगल्या स्क्वेरेनचा मोलर एक्स्टिंक्शन कोइफिशंट, म्हणजे प्रकाश किती जोरात शोषतो त्याचं माप, १ लाख ते ३ लाखांच्या घरात असतो. २ लाख धरला तर १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण मोजायच्या छोट्या पारदर्शक डबीत) ५ मायक्रोमोलर द्रावणाचा अब्जॉर्बन्स १ येतो, म्हणजे त्या तरंगलांबीचा ९० टक्के प्रकाश तिथेच अडला. रेणुभार ५०० च्या आसपास असेल तर ५ मायक्रोमोलर म्हणजे एका लिटरमध्ये फक्त अडीच मिलीग्रॅम! म्हणून युव्ही-व्हिज (शोषणाचा स्पेक्ट्रम) काढायला जाताना "जरा गडद करू" म्हणून चिमूटभर टाकू नका, डिटेक्टरपर्यंत पुरेसा प्रकाशच पोहोचत नाही, शिखर चपटं येतं आणि मग लोक त्या चपट्या शिखरावर थिअरी मांडत बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे शोषणाचा पट्टा अरुंद असतो. लाल भागात उंच टोकदार शिखर आणि आजूबाजूला बऱ्यापैकी मोकळं मैदान. हा गुण आहे की दोष हे कामावर ठरतं, खाली सोलर सेल आणि कॅमेऱ्याच्या प्रश्नात बघा, एकाच गोष्टीचे दोन टोकाचे निकाल आहेत.

हे आलं कुठून, कोणी शोधलं?

आधी स्क्वेरिक ॲसिड आलं, म्हणजे ज्यापासून डायची ही चौकोनी रिंग मिळते तो कच्चा माल, १९५९ मध्ये, अमेरिकेत कोहेन, लॅचर आणि पार्क यांनी फ्लोरिनवाल्या संयुगांवर काम करताना बनवलं. दिसायला साधं पांढरं पावडर, पण ॲसिड म्हणून चांगलंच तेज, कारण दोन्ही प्रोटॉन गेल्यावर चार्ज चारही ऑक्सिजनवर सारखा वाटला जातो. मग १९६५ मध्ये जर्मनीत ट्राइब्स आणि जेकब यांनी ते पायरोलबरोबर उकळलं आणि घट्ट रंगाचे पदार्थ मिळाले, लगेच १९६६ मध्ये स्प्रेंगर आणि त्सीगेनबाइन यांनी डायअल्किल ॲनिलिनबरोबर तेच केलं. हे ट्राइब्स म्हणजे तेच, ज्यांनी १९३० च्या दशकात खनिज तेलात पॉरफिरिन (क्लोरोफिलसारख्या रेणूंच्या गाभ्यातली मोठी रिंग) शोधून तेलाचा उगम जैविक आहे याचा भक्कम पुरावा दिला होता. एकाच माणसाच्या नावावर या दोन गोष्टी आहेत हे मला फार भारी वाटतं आणि रसायनशास्त्राच्या वर्गात हे कोणी सांगत नाही याचं वाईटही वाटतं.

लॅबमध्ये बनवायचा कसा? कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल का?

सिमेट्रिक, म्हणजे दोन्ही हात सारखे असलेला डाय बनवणं खरंच सोपं आहे. मोलमध्ये मोजून एक भाग स्क्वेरिक ॲसिड, दोन भाग तो हात (उदाहरणार्थ इंडोलेनियम सॉल्ट, सायनीन डायसाठी वापरतात तेच), सॉल्व्हंट म्हणून एन-ब्युटेनॉल आणि टोल्युइन सारख्या प्रमाणात, सॉल्ट असेल तर थोडं पिरिडिन किंवा क्विनोलिन, आणि वर डीन-स्टार्क (पाणी वेगळं करणारी काचेची नळी) लावून रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळणं. डाय तयार होताना प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात आणि ते काढत राहायला लागतात नाहीतर रिॲक्शन रेंगाळते, टोल्युइन ते पाणी ओढून वर नेतं आणि डीन-स्टार्कच्या नळीत ते खाली साठताना दिसतं. काही तासांत फ्लास्क गडद निळा होतो. थंड केलं की बऱ्याचदा डाय स्वतःच खाली बसतो, गाळा, थंड मिथेनॉलने धुवा, लागलाच तर कॉलम क्रोमॅटोग्राफीने शुद्ध करा.

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, हात पुरेसा इलेक्ट्रॉन देणारा नसेल तर रिंग दुसऱ्यांदा जोडून घेतच नाही, अर्ध्यावर थांबते. दोन, मुख्य पदार्थात हात समोरासमोर असतात पण थोडा भाग शेजारी-शेजारी जोडलेला आयसोमर पण होऊ शकतो, तो कमी तरंगलांबीवर शोषतो आणि टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) वेगळा ठिपका देतो, त्याला कचरा समजून न बघता टाकू नका, आधी काय आहे ते बघा.

दोन्ही हात वेगवेगळे हवे असतील तर काम वाढतं. स्क्वेरिक ॲसिडचा डायएथिल किंवा डायब्युटिल एस्टर घ्यायचा, त्यावर एकच हात जोडायचा, मग उरलेला एस्टर हायड्रोलाइज करून सेमी-स्क्वेरेन (एकच हात असलेला अर्धा डाय) मिळवायचा आणि त्यावर दुसरा हात. सोलर सेलसाठीचे आजचे बहुतेक डाय असेच बनतात कारण तिथे एका टोकाला पृष्ठभागाला चिकटणारा कार्बोक्झिलिक गट लागतो आणि दुसऱ्या टोकाला लांब अल्किल साखळ्या.

बेस टाकला किंवा बायो सॅम्पलमध्ये टाकला की रंग उडून जातो, असं का होतं?

कारण तीच भुकेली रिंग. थायोल (सल्फर-हायड्रोजन गट असलेली संयुगं), सायनाइड, हायड्रॉक्साइड असं काहीही इलेक्ट्रॉन घेऊन आलं की ते थेट मधल्या चौकोनाच्या कार्बनवर जाऊन बसतं, कन्जुगेशन, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचा इलेक्ट्रॉनचा रस्ता, तुटतं आणि निळं द्रावण बघता बघता रंगहीन होतं. शरीरात थायोल भरपूर असतात, ग्लुटाथायॉन आणि सिस्टीन जिकडे तिकडे, त्यामुळे उघडा स्क्वेरेन पेशीत टिकवणं अवघड.

या दोषावर दोन वेगळी उत्तरं निघाली. काहींनी म्हटलं, रंग उडतो ना, मग हाच सेन्सर! आणि खरंच थायोल आणि सायनाइड डोळ्यांनी ओळखण्यासाठी याच रिॲक्शनवर प्रोब बनवले गेले. दुसरं उत्तर अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात ब्रॅडली स्मिथ यांच्या गटाने २००५ च्या सुमाराला दिलं, त्यांनी डायच्या दांड्यावर एक मोठी रिंगवाली रेणूची बांगडी चढवली, ती मधल्या चौकोनाला बरोबर झाकून बसते, हल्लेखोर आत पोहोचतच नाही. याला स्क्वेरेन रोटाक्झेन म्हणतात. आत चौकोनाचे ऑक्सिजन बांगडीच्या एन-एच गटांशी हायड्रोजन बाँड करतात म्हणून ती घसरत पण नाही. मला या विषयातलं सगळ्यात देखणं काम कोणतं विचारलंत तर हेच, कारण डायचा रंग जवळपास तसाच ठेवून फक्त त्याचं आयुष्य वाढवलं.

द्रावणात एक स्पेक्ट्रम येतो आणि फिल्ममध्ये भलताच, कोणता खरा मानायचा?

दोन्ही खरे. स्क्वेरेन चपटा रेणू आहे, जागा कमी पडली की एकमेकांवर रचले जातात. बरोबर डोक्यावर डोकं ठेवून रचले तर शोषण निळ्या बाजूला सरकतं, त्याला एच-ॲग्रिगेट म्हणतात आणि तिथे फ्लुरोसन्स सहसा मरतो. जिन्यासारखे सरकून रचले तर शोषण लाल बाजूला जातं, ते जे-ॲग्रिगेट. क्रिस्टलमध्ये एका युनिट सेलमध्ये वेगळ्या दिशेने बसलेले दोन रेणू असतील तर शिखराचे दोन तुकडे पण होतात, डेव्हिडोव्ह स्प्लिटिंग.

हे नुसतं पुस्तकी नाही. आयसोब्युटिल साखळ्या असलेला ॲनिलिनो स्क्वेरेन स्पिन कोट केला (फिरत्या काचेवर द्रावण टाकून पातळ थर दिला) आणि वेगवेगळ्या तापमानाला तापवला तर वेगळी क्रिस्टल रचना मिळते, मोनोक्लिनिक किंवा ऑर्थोऱ्हाॅम्बिक, आणि फिल्मचा रंग डोळ्यांना वेगळा दिसतो, रेणू तोच! जर्मनीत ओल्डेनबुर्ग आणि बॉन इथल्या गटांनी यावर खूप बारकाईने काम केलंय. म्हणून कोणी फक्त द्रावणाचा स्पेक्ट्रम दाखवून "हा डाय डिव्हाइससाठी उत्तम" म्हणत असेल तर आधी फिल्मचा स्पेक्ट्रम मागा, कोणत्या तापमानाला किती वेळ ॲनील केलं (तापवून ठेवलं) ते पण विचारा.

लेझर प्रिंटरशी याचा काय संबंध?

खूप जवळचा, आणि पैशाच्या दृष्टीने या डायवर पहिलं मोठं लक्ष तिथूनच आलं. प्रिंटरच्या ड्रमवर फोटोकंडक्टर असतो, अंधारात चार्ज धरून ठेवतो आणि प्रकाश पडेल तिथे सोडतो. स्वस्त डायोड लेझर आले ते ७८० ते ८३० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड प्रकाशाचे, आणि जुना सेलेनियमचा ड्रम तिथे जवळपास आंधळा. मग इन्फ्रारेडला जागा होणारा सेंद्रिय पदार्थ हवा झाला. स्क्वेरेनचा घन थर द्रावणापेक्षा बराच लाल बाजूला शोषतो, त्यामुळे आयबीएम आणि झेरॉक्स दोघांनी यावर काम केलं, झेरॉक्समध्ये कॉक-यी लॉ यांनी तर वर्षानुवर्षं रचना आणि गुणधर्म यांचा नकाशाच तयार केला. पुढे बाजारात मात्र थॅलोसायनीन, विशेषतः टायटॅनिल थॅलोसायनीन, जिंकलं कारण ते जास्त दणकट आणि जास्त संवेदनशील निघालं. पण त्या काळात शुद्धता आणि कणांचा आकार याबद्दल जे शिकायला मिळालं ते आजही उपयोगी पडतं.

सोलर सेलमध्ये किती दम आहे?

आहे, पण जपून बोललं पाहिजे. आयबीएमच्या मेरिट आणि होव्हेल यांनी १९७६ मध्येच हायड्रॉक्सी स्क्वेरेनची सेंद्रिय सोलर सेल बनवली होती, म्हणजे सेंद्रिय सोलर सेलच्या अगदी सुरुवातीच्या पिढीत हा डाय आहे.

पुढचा मोठा टप्पा डाय-सेन्सिटाइज्ड सेलचा, १९९१ मध्ये ओ'रिगन आणि ग्रेट्झेल यांनी दाखवलेल्या. टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थरावर डाय चिकटवायचा, डायने प्रकाश घेतला की इलेक्ट्रॉन थरात उडी मारतो. तिथे गाजलेला रुथेनियमचा एन-७१९ डाय दृश्य भागात छान चालतो पण त्याचा एक्स्टिंक्शन कोइफिशंट जेमतेम १४ हजार, आणि ६५० च्या पुढे तो ढेपाळतो. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने एसक्यू-०१ नावाचा असिमेट्रिक स्क्वेरेन आणला, शिखर ६३६ नॅनोमीटरवर, कोइफिशंट दीड लाखाच्या वर, आणि एकट्याच्या जोरावर ४.५ टक्के एफिशियन्सी. दूरच्या लाल भागात शोषणाऱ्या डायसाठी तेव्हा हा आकडा मोठा होता.

मग अडलं कुठे? तीन ठिकाणी. पट्टा अरुंद, त्यामुळे हिरवा-निळा प्रकाश वाया जातो आणि जोडीला दुसरा डाय घ्यावा लागतो. रेणू पृष्ठभागावर रचले जातात आणि ऊर्जा आपापसातच संपते, म्हणून डायबरोबर कीनोडीऑक्सिकोलिक ॲसिड टाकून त्यांना लांब ठेवतात. आणि चिकटण्याची दिशा चुकीची असेल तर इलेक्ट्रॉन थरात जाण्याऐवजी परत फिरतो. फांद्या असलेल्या अल्किल साखळ्या रेणूच्या प्रतलाबाहेर काढल्या तर रचणं आटोक्यात येतं आणि थोडी रचना मुद्दाम ठेवली तर पट्टा रुंद होतो. नेमकं हेच संतुलन साधण्याचं चांगलं काम पुण्यात पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) झालंय, असिमेट्रिक स्क्वेरेनच्या साखळ्या कुठे आणि किती लांब याचा तिथल्या गटाने फार पद्धतशीर अभ्यास केलाय.

व्हॅक्यूममध्ये थर देऊन किंवा स्पिन कोट करून फुलरीनबरोबर (कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंबरोबर) पण सेल बनतात, मिशिगन आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या गटांनी तसे केले. तिथे डायचा थर फक्त काही नॅनोमीटर जाड ठेवावा लागतो कारण प्रकाशाने जागा झालेला एक्सिटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी) तेवढाच चालू शकतो. शोषण इतकं तगडं म्हणूनच एवढ्या पातळ थराचं भागतं. तरीही छतावर सिलिकॉनच्या जागी हे बसतील असं मी कोणाला सांगणार नाही.

मग याची खरी जागा कुठे आहे?

माझ्या मते जिथे प्रकाशाचा एक ठरावीक तुकडाच पकडायचा किंवा अडवायचा असतो तिथे. उत्तम उदाहरण मोबाइलचा कॅमेरा. सिलिकॉनचा सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत बघतो, आपला डोळा ७०० च्या आसपास थांबतो, त्यामुळे इन्फ्रारेड अडवला नाही तर फोटोचे रंग बिघडतात. यासाठी काचेवर अनेक थर देऊन इंटरफेरन्स फिल्टर करतात, पण त्याची अडचण अशी की प्रकाश तिरका आला की फिल्टरची कड निळ्या बाजूला सरकते, आणि पातळ मोबाइलमध्ये कोपऱ्यातला प्रकाश चांगलाच तिरका येतो, मग फोटोच्या मध्यात एक रंग आणि कडेला दुसरा. शोषणारा डाय कोनाकडे बघत नाही. म्हणून ७०० च्या आसपास धारदार कड आणि दृश्य भागात स्वच्छ असा डाय रेझिनच्या पातळ थरात घालतात आणि अशा फिल्टरसाठी स्क्वेरेन वर्गाचे डाय हे नेहमीचे उमेदवार आहेत. सोलर सेलमध्ये जो अरुंद पट्टा नडतो तोच इथे हवा असतो.

प्लाझ्मा टीव्हीच्या काळात निऑनचा नारिंगी प्रकाश ५९० च्या आसपास अडवायला समोरच्या फिल्टरमध्ये डाय घालायचे, त्यातही हा वर्ग होता.

फोटोडिटेक्टर बनतात का?

बनतात आणि छान बनतात. मिलानमधल्या गटांनी दूरच्या लाल आणि इन्फ्रारेडसाठी स्क्वेरेनचे फोटोडायोड केले आहेत. सेंद्रिय असल्यामुळे प्लास्टिकवर द्रावणातून थर देता येतो, सिलिकॉनसारखी वेफर लागत नाही.

याच्याही पुढची गंमत म्हणजे गोल फिरणारा, म्हणजे सर्क्युलरली पोलराइज्ड प्रकाश ओळखणं. प्रोलिनॉलपासून बनवलेला कायरल (डाव्या-उजव्या हातासारखा फरक असलेला) स्क्वेरेन पातळ फिल्ममध्ये ॲनील केला की डाव्या आणि उजव्या प्रकाशातला फरक प्रचंड मोठा दिसतो, २०१८ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये हे आलं आणि पुढच्या वर्षी त्यातून थेट फोटोडायोड केला गेला, समोर वेगळी वेव्हप्लेट किंवा पोलरायझर न लावता.

सीडी-डीव्हीडीमध्ये वापरलाय का?

रेकॉर्ड करता येणाऱ्या डिस्कमध्ये डायचा थर असतो, सीडीचा लेझर ७८० चा आणि डीव्हीडीचा ६५० चा. त्या जागेसाठी स्क्वेरेनवर भरपूर संशोधन आणि पेटंट झाली, पण सीडीत मुख्यतः सायनीन, थॅलोसायनीन आणि ॲझो वर्गाचे डाय होते. आता ती बाजारपेठच आटली.

मेडिकलमध्ये उपयोग होतो का?

साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश शरीरात जास्त आत जातो कारण त्याआधी हिमोग्लोबिन शोषतं आणि नंतर पाणी. स्क्वेरेन त्या खिडकीच्या दारातच उभा आहे. इमेजिंगसाठी प्रोब बनतात, प्रोटीनला, विशेषतः अल्ब्युमिनला चिकटला की फ्लुरोसन्स एकदम वाढणारे पण आहेत, पाण्यात एकटा असताना मंद आणि आधार मिळाला की तेजस्वी. तिरुवनंतपुरमच्या एनआयआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेमध्ये रिंगच्या हातांवर ब्रोमीन, आयोडीन घालून सिंग्लेट ऑक्सिजन (पेशींना मारणारा जास्त क्रियाशील ऑक्सिजन) तयार करणारे स्क्वेरेन अभ्यासले गेले, फोटोडायनॅमिक थेरपीच्या, म्हणजे प्रकाश पाडून रोगट पेशी मारण्याच्या उपचाराच्या दृष्टीने. त्याच संस्थेत अजयघोष यांच्या गटाचं कॅल्शियमसारखे आयन ओळखणाऱ्या स्क्वेरेनवरचं काम जगभर वाचलं जातं, आयन पकडला की दोन डाय एकमेकांजवळ घडी होऊन येतात आणि शोषण सरकतं, फारच हुशारीची रचना.

पण हॉस्पिटलमध्ये सर्जन रोज वापरतात तो डाय इंडोसायनीन ग्रीन, तो सायनीन आहे, स्क्वेरेन नाही. कोणी "स्क्वेरेनने कॅन्सर बरा होतो" असं फॉरवर्ड पाठवलं तर विश्वास ठेवू नका, प्रयोगशाळेतल्या पेशी आणि माणूस यात खूप अंतर आहे.

मायक्रोस्कोपीवाल्यांसाठी एक सूचना: शोषण आणि उत्सर्जन यात अंतर खूप कमी, बरेचदा १० ते २० नॅनोमीटर, त्यामुळे एक्सायटेशनचा प्रकाश डिटेक्टरमध्ये शिरतो. शिखरावर न मारता थोडं निळ्या बाजूला एक्साइट करा.

क्रोकोनेन म्हणजे हाच का?

चुलत भाऊ म्हणा. मधली रिंग चारऐवजी पाच कार्बनची, क्रोकोनिक ॲसिडपासून बनते. ते ॲसिड फार जुनं, लिओपोल्ड ग्मेलिन यांनी १८२५ मध्येच मिळवलं होतं. शोषण आणखी इन्फ्रारेडमध्ये जातं, फ्लुरोसन्स जवळपास नसतो आणि घेतलेला प्रकाश उष्णता म्हणून बाहेर पडतो, म्हणून फोटोथर्मल (प्रकाशाने तापवणं) आणि फोटोअकूस्टिक (प्रकाशाने ध्वनी उठवून प्रतिमा काढणं) कामासाठी त्याला मागणी.

हाताळताना काही धोका?

डायपेक्षा जास्त काळजी एस्टरची घ्या. स्क्वेरिक ॲसिडचे डायएथिल आणि डायब्युटिल एस्टर त्वचेला जोरदार ॲलर्जी देतात, इतकी की डायब्युटिल एस्टर त्वचारोगतज्ज्ञ मुद्दाम वापरतात, चाई पडल्यावर किंवा हट्टी चामखिळींवर त्वचेची प्रतिकारशक्ती जागी करायला. एकदा शरीर सेन्सिटाइज झालं की नंतर अगदी कणभर लागला तरी पुरळ उठतं आणि ते वर्षानुवर्षं राहू शकतं. आणि लक्षात घ्या, तुम्ही एस्टर विकत आणला नसला तरी स्क्वेरिक ॲसिड ब्युटेनॉलमध्ये उकळताना तोच एस्टर फ्लास्कमध्ये तयार होतो. म्हणजे वर दिलेल्या साध्या रिॲक्शनमध्ये सुद्धा नायट्राइल ग्लोव्हज, फ्युम हुड, आणि ग्लोव्हज घातलेल्या हाताने दाराची कडी किंवा मोबाइल धरायचा नाही. फिल्टरेट बेसिनमध्ये ओतू नका, लेबल लावून ऑर्गॅनिक वेस्टमध्ये टाका आणि बाटलीवर "एस्टर आहे" हे मराठीत पण लिहा, कारण बाटल्या धुणाऱ्या मावशी-काकांना केमिकलचं इंग्रजी नाव वाचून काही कळत नाही आणि पुरळ मात्र त्यांच्याच हातावर येतं.